भूपाचा धैवत कुठे ठेवायचा: बेळगावातल्या एका पेटीचं प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागात एका घराच्या पुढच्या खोलीत गायनाचा वर्ग भरतो. शाळकरी मुलं येतात, संध्याकाळचा स्वयंपाक उरकून बायका येतात. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड. रागाची तालीम झाली की एखादा अभंग होतो आणि त्याच्या पाठोपाठ पुरंदरदासांचं एखादं पद. शिकवणाऱ्या बाईंकडे पहिला राग भूप. सा, रे, ग, प, ध, म्हणजे षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम, धैवत एवढेच स्वर. मध्यम-निषाद नाहीत, कोमल-तीव्राची भानगड नाही, म्हणून बहुतेक सगळीकडे सुरुवात त्यानेच होते. मी या वर्गाला पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करतो. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलो असल्याने या प्रकरणातला हिशोबाचा भाग माझ्याकडे आला. कानाचा भाग बाईंचा, आणि हाताचा भाग पेटी लावणाऱ्या मामांचा.

वर्गाने नवी दुहेरी सुरांची पेटी घेतली. भाता हलका, पट्ट्या एकसारख्या, आवाज गोड. काही आठवड्यांनी बाईंच्या लक्षात आलं की नुसत्या तंबोऱ्यावर मुलं भूप नीट गातात, पण पेटी सुरू झाली की दोन स्वर डळमळतात: गांधार आणि धैवत. गांधार चढतो. धैवत तर एकाच मुलीच्या गळ्यातून एकदा चढा येतो आणि एकदा उतरलेला. पेटी थांबवली की पुन्हा जागेवर. बाईंचं म्हणणं, मुलांचा कान बिघडलेला नाही, त्यांना दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी ऐकवल्या जात आहेत.

मामांनी फोनवरचं ट्यूनर लावून पट्ट्या एकेक करून तपासल्या. काटा प्रत्येक स्वरावर मधोमध. "बाई, काटा मधे हाय की. ह्यात सूर कुठं चुकालाय?" त्यांचं बरोबर होतं. पेटी चुकलेली नव्हती. ट्यूनर ज्या सप्तकाने मोजतं त्या सप्तकात ती अचूक होती. तंबोऱ्याचं सप्तक वेगळं होतं.

वर्गाचा तंबोरा मिरजेचा आहे. तो पांढरी सहाला, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी षड्ज धरून, मधल्या जोडीच्या तारा २२० हर्ट्झला आणि शेवटची खर्जाची ११० ला अशा लावलेला असतो. पहिली तार पंचमाची. जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथला झंकार, चांगली लागली की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो येतो कुठून, तर तार कंप पावते तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट स्वरही तिच्यात असतात. ११० ची पाचपट ५५०. तीच एका सप्तकाने खाली आणली की २७५. हा तंबोऱ्याचा गांधार, षड्जाशी ५:४ या प्रमाणात. ट्यूनरने लावलेल्या पेटीचा गांधार येतो २७७.२ ला, कारण त्या पद्धतीत सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेले असतात. दोन-सव्वादोन हर्ट्झचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण पेटीच्या गांधाराची दुप्पट ५५४.४ होते, तंबोऱ्यात ५५० आहे, आणि हे दोन एकत्र वाजले की आवाजात सेकंदाला चारहून जास्त लहरी उठतात. शांत खोलीत डोळे मिटून बसलेल्या कोणालाही त्या ऐकू येतात. मुलं त्या लहरी मिटवायला गळा कधी पेटीकडे नेतात, कधी तंबोऱ्याकडे.

पुढचं सगळं सेंटमध्ये बोलणं सोपं जाईल. सप्तकाचे १२०० समान भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत ट्यूनरप्रमाणे १०० सेंटचं अंतर. तंबोऱ्याचा गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर, पेटीचा ४०० वर. १४ सेंटचा हा फरक कसलेला कान सहज पकडतो.

मामांनी मग जुनी पद्धत काढली. ट्यूनर बाजूला ठेवलं आणि षड्ज-पंचम भावाने, म्हणजे ३:२ या प्रमाणाने, कानाने लावायला घेतलं: षड्जाचा पंचम, त्या पंचमाचा पंचम म्हणजे ऋषभ, ऋषभाचा पंचम धैवत, धैवताचा पंचम गांधार. प्रत्येक जोडी लहर पूर्ण थांबेपर्यंत घासून जुळवली. हात इतका स्वच्छ की एकेक जोडी ऐकताना समाधान वाटावं. आणि शेवटी गांधार आला २७८.४ ला, षड्जापासून ४०८ सेंटवर. ट्यूनरच्या गांधारापेक्षाही चढा. तंबोऱ्याबरोबर वाजवला तर लहरी कमी होण्याऐवजी वाढल्या, सेकंदाला जवळजवळ सात.

मामा गप्प झाले आणि त्यांनी पुन्हा पंचम तपासले. पंचम चारही शुद्ध होते.

या प्रकरणाचं सगळं मर्म इथे आहे. सा-प, प-रे, रे-ध, ध-ग या चारही जोड्या शुद्ध ठेवल्या तर सा-ग शुद्ध राहत नाही. सा-ग शुद्ध ठेवला तर या चारांपैकी कुठेतरी तूट येते. ही तूट नेमकी ८१:८० एवढी, म्हणजे २१.५ सेंट. ती कोणाच्या हातातली चूक नव्हे. तीनाने गुणत जाऊन पाचाला पोचता येत नाही, या अंकगणिताचा तो परिणाम आहे. आपल्याकडे तिला प्रमाणश्रुती म्हणतात. तिला नाहीसं करता येत नाही. ती कुठे ठेवायची एवढंच ठरवता येतं. ट्यूनरची समान पट्ट्यांची पेटीही ती नाहीशी करत नाही. तिथे चार पंचम प्रत्येकी दोनेक सेंट उतरवून आठेक सेंट मुरवलेले असतात आणि उरलेले चौदा गांधाराच्या डोक्यावर ठेवलेले असतात. दोन्हींची बेरीज तेवढीच येते.

तेव्हा पेटी सुरात आहे का, हा आमचा प्रश्न राहिला नाही. भूप गाणाऱ्या वर्गात, पांढरी सहाच्या तंबोऱ्यावर, ही २१.५ सेंटची तूट कोणत्या दोन स्वरांमध्ये ठेवायची, असा तो झाला.

जागा पाचच होत्या. सा-प मध्ये ठेवणं शक्य नाही, कारण या दोन्ही तारा तंबोऱ्यात सतत वाजत असतात. सा-ग मध्येही नाही, तो स्वयंभू गांधार आहे आणि तक्रारीची सुरुवातच तिथून झाली होती. प-रे मध्ये ठेवायची म्हणजे ऋषभ २४७.५ वरून २४४.४ ला उतरवायचा. मामांना हा पर्याय करून बघावासा वाटला, म्हणून एका जुन्या पेटीवर केला. पंचमाच्या तारेशी तो ऋषभ इतका घासला गेला की बाईंनी हात वर करून थांबवलं. पंचमाची तार तंबोऱ्यात आहे तोवर ऋषभ तिच्याशी बांधलेला आहे.

उरल्या दोन जागा, रे-ध आणि ध-ग. दोन्हींत धैवत. म्हणजे भूपाच्या पाच स्वरांतले चार तंबोऱ्याने आधीच ठरवून दिलेले आहेत आणि धैवत एकटाच मोकळा आहे. मुलं धैवतावरच दोन तऱ्हांनी गात होती, याचा उलगडा मला या हिशोबातून झाला. ऋषभाकडून येणाऱ्या मुलाला धैवत चढा हवासा वाटतो, गांधाराकडून बघणाऱ्याला उतरलेला. चढा धैवत २७:१६, म्हणजे ३७१.२५ हर्ट्झ, षड्जापासून ९०६ सेंट. उतरलेला ५:३, म्हणजे ३६६.७ हर्ट्झ, ८८४ सेंट. ट्यूनरचा धैवत ९०० वर. म्हणजे नवी पेटी चढ्या धैवताच्या अगदी जवळ होती आणि मुलांना त्याच बाजूला ओढत होती.

यावर मामांचं आणि बाईंचं जमेना. मामांना रे-ध ची तूट सहन होईना. ऋषभ आणि उतरलेला धैवत एकत्र दाबले की पंचमभाव तुटल्याचं स्पष्ट ऐकू येतं. शुद्ध पंचमाच्या ७०२ सेंटच्या जागी ६८० भरतात. उभी हयात पंचम जुळवण्यात गेलेल्या माणसाला हे कानात खुपणारच. "असली पेटी माझ्याकडनं गेली म्हणून सांगू नका कुणाला," म्हणाले. बाईंचं म्हणणं असं की भूपात ऋषभ आणि धैवत एकत्र कोण दाबतो? गाणारा ऋषभावरून धैवतावर उडी मारत नाही. 'सा ध़ सा रे ग' म्हणतो तेव्हा मध्ये षड्जावर टेकतो. उलट गांधार वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर, धैवत संवादी म्हणजे त्याचा जोडीदार. 'ध प ग' ही तर भूपाची रोजची वाट.

वादी-संवादीचा दाखला मला पटला, पण त्यावर सगळं ठरवावं इतका पुरेसा वाटला नाही. ठरवलं ते बाईंनी वर्गात विचारलेल्या एका प्रश्नाने. त्यांनी मुलांकडून 'सा रे' म्हणवून घेतलं, मग 'रे ग', मग 'प ध', आणि विचारलं, "प वरून ध वर जाताना जी पायरी चढता, ती सा-रे सारखी आहे की रे-ग सारखी?"

हा प्रश्न मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नव्हता आणि तो इतका नेमका आहे की इथे जरा थांबतो. सा-रे ही मोठी पायरी, ९:८, २०४ सेंट. रे-ग तिच्याहून लहान, १०:९, १८२ सेंट. दोन्हींतला फरक तीच प्रमाणश्रुती. बारा सारख्या पट्ट्यांवर वाढलेल्या कानाला या दोन पायऱ्या एकच वाटतात, कारण तिथे दोन्ही २०० च्या असतात. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला सा-रे ऐसपैस वाटते आणि रे-ग जवळची. नाव सांगता आलं नाही तरी गळ्याला ते माहीत असतं. आता धैवत उतरलेला ठेवला तर प-ध होते १८२, म्हणजे रे-ग इतकीच. आणि ध-सां होते ३१६, म्हणजे ग-प इतकीच. 'रे ग प' आणि 'प ध सां' हे दोन तुकडे मग एकाच मापाचे होतात. धैवत चढा ठेवला तर प-ध होते २०४, ध-सां २९४, आणि 'प ध सां' चा आकार 'रे ग प' हून वेगळा पडतो.

वर्गात रोज पलटा घोकतात: सारेग, रेगप, गपध, पधसां. बाईंनी मुलांना पेटीशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर, 'रेगप' आणि 'पधसां' एकापाठोपाठ गायला लावलं. मोठ्या मुलींपैकी बहुतेकींचा 'पधसां' हा 'रेगप' च्या साच्यातच पडत होता. मी तो भाग फोनवर मुद्रित केला आणि घरी संगणकावर स्वरांची उंची काढून पाहिली. ठेहरावाचे धैवत खालच्या जागेच्या आसपास होते, 'प ध' झपकन घेतलेल्या जागी मात्र विखुरलेले. एका वर्गाच्या मुद्रणावरून सिद्धांत मांडायचा नाही, आणि गळा एका आकड्यावर खिळून राहत नाही हे जुनंच निरीक्षण आहे. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी नामवंत कलावंतांच्या मुद्रणांत स्वर मोजले तेव्हा एकाच रागात, एकाच कलावंताचा गांधारही जागा बदलताना दिसला होता. पण आम्हाला पेटीच्या एका पट्टीची जागा ठरवायची होती आणि पट्टीला एकच जागा मिळते. मुलं जिथे टेकत होती ती जागा, रागाच्या चलनाची जागा आणि हिशोबाची जागा एकच निघत होती.

तंबोऱ्याचाही कौल तोच निघाला, हे मला उशिरा सुचलं. उतरलेल्या धैवताची तिप्पट ११००. जोडीच्या तारेची पाचपटही ११००. दोन्ही एकमेकींत विरघळतात. ट्यूनरच्या धैवताची तिप्पट १११०, म्हणजे सेकंदाला दहा लहरी. चढ्या धैवताची जवळपास चौदा. मामांना हे आकड्यांनी सांगून उपयोग नव्हता. एका पट्टीचा सूर ५:३ ला लावून, तंबोरा छेडून, धैवत नुसता धरून ठेवला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "पंचम जुळंना खरं, पण तंबोऱ्यात बसालाय." आणि कानस हातात घेतली.

घासण्याबद्दल थोडं, कारण पुष्कळांना वाटतं की पेटीचा सूर म्हणजे कायमचा ठोकलेला. पट्टीखाली वाजते त्या पितळी पातीचं मोकळं टोक घासलं की ती हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाशी घासलं की ती मऊ पडते आणि स्वर उतरतो. गांधार आणि धैवत उतरवायचे होते, म्हणून मुळाशी, अगदी अलगद, दर वेळी सूर परत बसवून आणि वाजवून. जास्त घासलं तर पात कमजोर होते आणि पुढे तुटते. भात्याचा दाब कमी-जास्त झाला तरी स्वर किंचित हलतो, म्हणून तपासणीच्या वेळी भाता एकाच हाताने, एकाच लयीत. पेटी दुहेरी असल्याने एक सप्तक खालची खर्जाची आणि मधली नराची अशा सुरांच्या दोन्ही ओळी लावाव्या लागल्या. घासलेली धातू काही दिवसांत पुन्हा थोडी सरकते. त्यामुळे मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, एकदा सोडून द्या आणि परत घेऊन या.

कोणाला आपल्या पेटीवर करून बघायचं असेल तर ट्यूनरवर काटा कुठे यायला हवा तेही देतो. षड्ज शून्यावर धरला तर ऋषभ ४ सेंट वर, गांधार १४ खाली, पंचम २ वर, धैवत १६ खाली. शुद्ध मध्यम २ खाली आणि निषाद १२ खाली लावून घेतला. पुढे यमन शिकवायचा म्हणून तीव्र मध्यमही १० खाली. याची किंमत लगेच मोजावी लागते: ही पेटी आता फक्त पांढरी सहाची आहे. तिच्यावर काळी एकचा षड्ज धरून कोणी भजनाला बसलं तर सगळ्या पायऱ्या वेड्यावाकड्या लागतील. पट्ट्या सरकवून षड्ज बदलणाऱ्या स्केल चेंजर पेटीवर हा उद्योग करूच नये, कारण तिची सगळी सोय बारा पायऱ्या सारख्या असण्यावर उभी आहे. वर्गाला हे चाललं, कारण तंबोरा पांढरी सहालाच असतो. भजनी मंडळाला चाललं नसतं. तिथे बुवा बदलला की पट्टी बदलते.

नवा गांधार आणि नवा धैवत लागल्यावर पहिल्या तालमीत मुलांनी काही वेगळं झालं म्हणून सांगितलं नाही. त्यांचा आवाज मात्र पेटीला टाळत होता तो टाळेनासा झाला. 'ध प ग' उतरताना गांधारावर तिघे एकत्र टेकले तर एकच गांधार ऐकू येऊ लागला. बाईंच्या दृष्टीने तक्रार तिथे मिटली. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच सुरू झालं, कारण भूपानंतर वर्गात दुर्गा असतो.

दुर्ग्यात गांधार नाही, मध्यम आहे: सा रे म प ध. म-सा-प-रे-ध अशी ही सरळ पंचमांची साखळी. गांधारच नसल्यामुळे धैवताला खाली ओढणारा जोडीदार नाहीसा होतो, आणि ऋषभ-धैवताचं नातं, जे भूपात आडरस्त्याला होतं, ते दुर्ग्यात मुख्य रस्त्यावर येतं. वादी-संवादीबद्दल मतभेद आहेत, पण काही परंपरा ध-रे हीच जोडी धरतात. आमच्या पेटीवर नेमकी तीच जोडी तुटलेली. मामांनी अर्थातच आठवण करून दिली. बाजू अगदी एकतर्फी मात्र नाही. 'ध म' हा दुर्ग्याचा लाडका तुकडा घेतला तर मध्यमापासून उतरलेला धैवत शुद्ध ५:४ वर येतो आणि चढा येत नाही. म्हणजे तूट इथेही आहेच, आता ती रे-ध आणि म-ध यांच्यात वाटून घ्यायची.

मामांनी तोडगा सुचवला तो कारागिराचा होता आणि सुंदर होता. नराची ओळ भूपासाठी ठेवा, खर्जाच्या ओळीतला धैवत चढवा. दुर्ग्याच्या वेळी खुंटी ओढून खर्जाची ओळ एकटीच उघडा आणि हात एक सप्तक वर न्या. होण्यासारखं होतं. अडलं ते असं की वर्गाच्या शेवटी पदं गाताना दोन्ही ओळी एकदम उघडतात, आणि मग धैवताच्या एकाच पट्टीत नराचे ३६६.७ आणि खर्जाच्या धैवताची दुप्पट ३७१.२५ एकमेकांवर आपटले असते. दुसरा पर्याय कोमल धैवताच्या पट्टीवर दुसरा शुद्ध धैवत बसवण्याचा होता. भूप आणि दुर्गा दोन्हींत ती पट्टी रिकामीच असते. बाईंनी तो ऐकूनही घेतला नाही. पेटी शिकणाऱ्या मुलांच्या बोटांना चुकीची पट्टी लागेल, आणि ती सवय पुढच्या भैरवापर्यंत जाईल.

एका पेटीत सगळे धैवत मावावेत ही ओढ या भागाला नवी नाही. बेळगावहून रेल्वेने मिरज आणि पुढे सांगली. त्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर १९१० च्या सुमाराला नेमक्या याच गुणोत्तरांमागे लागले होते. मिरजेचे अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांना गळा देत होते आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्याबरोबर बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि तिच्यावर वाद झाला. मला त्या खटपटीबद्दल मनापासून आदर आहे. हिंदुस्थानी गाण्याचे स्वर मोजता येतात, आणि ते इथल्याच कानांनी, इथल्याच गळ्यांवर मोजले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी धरला. पुढे १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही बेळगावात पेटी शिकवणं थांबलं नाही, पं. रामभाऊ विजापुरे यांनी इथे आयुष्यभर पेटी शिकवली आणि पिढ्या घडवल्या. बावीस पट्ट्यांची पेटी मात्र वर्गावर्गांत पोचली नाही. मला त्याचं कारण पट्ट्यांच्या संख्येत दिसत नाही. एकाच रागात, एकाच तुकड्यातही कोणता धैवत घ्यायचा ते ठरवायला माणूस लागतोच, आणि ज्याला ते ठरवता येतं त्याला बारा पट्ट्यांवरही मार्ग सापडतो.

मला स्वतःला इथे नाट्यशास्त्रकार भरताचा आधार वाटला. षड्जग्राम या सात स्वरांच्या जुन्या मांडणीतला पंचम एक श्रुती उतरवला की मध्यमग्राम होतो, असं नाट्यशास्त्र सांगतं. एका ग्रामात पंचमाचा संवाद षड्जाशी. दुसऱ्यात तो उतरतो आणि ऋषभाशी जुळतो. स्वर सातच राहतात, एकाच्या जागेत प्रमाणश्रुतीचा फरक पडतो आणि नाती बदलतात. दोन्ही संवाद एकाच ग्रामात बसवायचा आग्रह त्याने धरला नाही. आमच्याकडे पंचम तंबोऱ्यात अडकलेला, त्यामुळे उतरायची पाळी धैवतावर आली, एवढाच फरक.

दुर्ग्यासाठी मग असं ठरलं. पेटी भूपाचीच राहील. दुर्गा पहिले काही महिने नुसत्या तंबोऱ्यावर शिकवायचा. मुलांचा ऋषभ पक्का झाला की धैवत ती स्वतः शोधतात, आणि तेव्हा त्यांना आयता धैवत कानावर नसलेला बरा. त्यानंतर मी साथीला बसलो तरी दुर्ग्यात धैवतावर थांबायचं नाही. गाणारी मुलगी धैवतावर ठेहराव घेते तेव्हा पेटीवर मी ऋषभ किंवा मध्यम धरतो, धैवताची पट्टी फक्त जाता-जाता लागते. वेगात लागलेल्या स्वराची २१.५ सेंटची तूट ऐकू येत नाही. धरून ठेवलेल्याची येते. साथीदाराला हे बंधन वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात गाणारीला जास्त मोकळीक मिळाली. धैवतावर ती एकटी असते आणि तो तिला हवा तेवढा चढवते.

मामांनी पेटी परत तपासायला नेली तेव्हा गांधार थोडा वर सरकलेला निघाला, धैवत जागेवर होता. गांधार त्यांनी तंबोरा मागवून घेऊन लावला, ट्यूनर काढलं नाही. रे-ध ची जोडी त्यांनी याही वेळी एकदा दाबून बघितली, मान हलवली आणि झाकण लावलं.

आता बाई देसकार काढायचं म्हणताहेत. स्वर भूपाचेच, पण धैवत वादी, आणि त्याचा धैवत भूपापेक्षा चढा असं बरेच गवई सांगतात. गांधार दोन्हींत तोच असताना धैवत कशाच्या जोरावर चढतो, हे मला अजून हिशोबात बसवता आलेलं नाही. देसकारात ऋषभ दुबळा असतो, तेव्हा ऋषभाचा पंचम म्हणून तो चढतो असं म्हणता येत नाही. कदाचित तार षड्जाच्या ओढीने चढत असेल: २९४ ची ध-सां ही पायरी ३१६ च्या पायरीपेक्षा षड्जाला जवळची आहे. मोठ्या मुलींना 'सां ध प' गायला लावून मुद्रण करायचं ठरलं आहे, पेटी बंद ठेवून.